पाटे वाढवण्याआधी गाडी काट्यावर घाला

एका वाचक ताईंचं पत्र:

"आमची राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीजवळ हापूसची बाग आहे. मध्यंतरी जुनी डबल कॅबिन इसुझू डी-मॅक्स पिकअप घेतली. मार्चपासून मेअखेरपर्यंत आठवड्याला दोन-तीन खेपा होतात. एका खेपेला तीसेक क्रेट, बहुतेक राजापूरपर्यंत, कधी अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर. क्रेट भरले की गाडी मागून बसते, खड्ड्यात खालून ठण्णकन आवाज येतो आणि रात्री समोरचे सगळे डिपर मारतात. बाकी वर्षभर ती घरची गाडी. सासूबाईंना दर महिन्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, तेव्हा मागच्या सीटवर त्यांची कंबर अवघडते. गॅरेजवाला म्हणतो, मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे वाढवू. दीर म्हणतो, दोन इंचांचं लिफ्ट किट घालू, बागेची वाटही खराब आहे. आणखी कुणी एअर बॅग, म्हणजे मागच्या पाट्यांच्या जोडीला बसवायची हवेची रबरी पिशवी, सुचवतं. साठ हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय करावं?"

ताई, नमस्कार.

गॅरेजवाल्याने भरलेली गाडी पाहिली, दिरांनी बागेची वाट पाहिली. सासूबाईंची कंबर मात्र तुम्हीच पाहिलीत. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण ही गाडी वर्षातले नऊ-दहा महिने जवळपास रिकामी धावणार आहे. सस्पेन्शन निवडायचं ते हौद्यात नेहमी जे वजन असतं त्याच्या हिशेबाने. सगळ्यात जड खेपेसाठी पाटे घातले, तर उरलेलं वर्ष घरच्यांनी गचके खात काढायचं. पुन्हा, कडक पाट्यांवर अर्धी भरलेली गाडी उडते, आणि गाडी उडली की आंब्याला मार लागतो. हौद्याच्या मागच्या टोकाचे आणि थराच्या वरचे क्रेट सगळ्यात जास्त नाचतात. मार लागलेलं फळ निघताना चांगलं दिसतं, डाग उघडतो तो आढीत. म्हणजे पाटे वाढवून गाडी बसायची थांबली तरी नुकसान थांबेलच असं नाही.

आता आधी काय करायचं ते सांगतो. त्याला खर्च जवळजवळ नाही.

गाडी वजनकाट्यावर घाला. हायवेलगत किंवा चिरेखाणींच्या बाजूला काटे असतात. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडी. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागच्या ॲक्सलवरचं वजन मिळतं. हे तीन वेळा करायचं: गाडी रिकामी असताना, घरची माणसं बसलेली असताना आणि हंगामातल्या खेपेइतकं वजन भरलेलं असताना. आंबा नसेल तर खताच्या किंवा भाताच्या गोणी चालतील. तीस क्रेट, प्रत्येकी वीस किलो फळ, वर क्रेटचं स्वतःचं वजन, म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास. चालक आणि सोबतीचा माणूस धरून आठशेला टेकतं. आता गाडीच्या पट्टीवर कंपनीने दिलेलं एकूण वजन आणि आरसीवरची नोंद काढून हे त्यात बसतं का ते बघा. डबल कॅबिनच्या काही गाड्या खासगी म्हणून नोंदलेल्या असतात आणि त्यांची माल वाहण्याची नोंद हौदा पाहून वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. वजन बसत नसेल, तर वीस-वीस क्रेटच्या जास्त खेपा करा किंवा कोल्हापूरच्या मालाला भाड्याची गाडी बोलवा. पाटे वाढवल्याने ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी यांची ताकद एका किलोनेही वाढत नाही, नोंदीतली क्षमताही वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये वर चढतात.

काट्यावर उभे असतानाच टेप लावा. मागच्या चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना, रिकामं आणि भरलेलं. हे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन बाजूंत ठळक फरक आला तर खाली वाकून पाटे नीट पाहा. एखादा पाटा तुटलेला असू शकतो, आणि तो बहुतेक मधल्या सेंटर बोल्टपाशी किंवा टोकाच्या गोल डोळ्याजवळ तुटतो. आपल्याकडे खाऱ्या हवेने पाट्यांना बारीक खड्डे पडतात आणि तडा त्या खड्ड्यातूनच सुरू होतो. वायर ब्रशने गंज काढून बोट फिरवलंत की खड्डे हाताला कळतात.

एक गोष्ट मात्र घाबरून जाण्यासारखी नाही. भरल्यावर पाटे जवळपास सरळ दिसणं हा दोष नव्हे, ते तसेच बनवलेले असतात. दोष म्हणायचा तो पाटे उलट्या बाजूने वाकले तर. तुमच्या गाडीचा 'ठण्ण' आवाज म्हणजे ॲक्सल वर चढून बंप स्टॉपच्या रबरावर, किंवा ते रबरच झडलं असेल तर थेट चासीवर आदळतोय. जुनी गाडी, आधीच्या मालकाने काय काय वाहिलं ठाऊक नाही. पाटे थकले असण्याची शक्यताच जास्त. तुम्हाला वाढीव पाट्यांपेक्षा नव्या पाट्यांची गरज आहे असं मला वाटतं, आणि या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत.

इथे शॉकअपबद्दलचा गैरसमज दूर करतो, कारण अनेकांचे पैसे त्यात जातात. शॉकअप वजन पेलत नाही. वजन पेलतात पाटे आणि पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग. दबलेला पाटा उसळी मारून परत येतो, ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं. त्यामुळे कितीही महाग शॉकअप घातले तरी बसलेली गाडी उठणार नाही. उलट पाटे चांगले आणि शॉकअप मेलेले असतील, तर एका खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहते. मागच्या सीटवरचा त्रास बऱ्याचदा याच झुलण्याचा असतो.

आणि टायर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरची हवा बहुधा वेगवेगळी दिलेली असते. हंगामात भरलेली जास्तीची हवा पुढे पावसाळाभर, दिवाळीपर्यंत तशीच राहते, असं घरोघरी घडतं. सासूबाईंना पुढच्या खेपेला नेण्याआधी हवा स्टिकरवरच्या रिकाम्या आकड्यावर आणा, आणि त्यांना मागे न बसवता पुढे बसवा. मागची सीट मागच्या ॲक्सलच्या जास्त जवळ असते, हादरा तिथे जास्त पोचतो. एवढ्यानेच त्यांना बराच आराम पडेल.

आता तिन्ही सुचवण्यांकडे येतो.

गॅरेजवाल्याचे दोन पाटे. पूर्ण लांबीचे दोन पाटे वाढवले की गाडी रिकामी असतानाही ताठ राहते, म्हणजे वर सांगितलेला त्रास. यातला चांगला पर्याय हेल्पर पाट्याचा. तो सगळ्यात खाली, जवळजवळ सपाट असतो आणि वरचे पाटे दबून खाली आले की मगच त्याच्यावर भार येतो. रिकाम्या गाडीला तो असल्याचा पत्ताही लागत नाही. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीकडूनच असा एक जाड पाटा येतो. तुमचा अजून जागेवर आहे का, की आधीच कुणी काढलाय, हे पाहून घ्या. आणखी एक, जुन्याच पाट्यांना ठोकून नवी कमान द्यायची तयारी कुणी दाखवली तर नको म्हणा. पाटा पुन्हा तापवून नीट पाणी न देता नुसता थंड ठोकला, तर ती कमान फार टिकत नाही. तुटका पाटा वेल्डिंग करून वापरणं तर धोक्याचंच, त्या उष्णतेने पोलादाची लवचीकता जाते आणि शेजारीच दुसरा तडा येतो.

दिरांचं लिफ्ट किट. त्यांची अडचण खरी आहे. जांभ्याच्या सड्यावरून बागेत उतरणारी वाट पावसाने धुपली की मधला उंचवटा गाडीला खालून घासतो. पण घासतो कुठे ते त्यांनी एकदा वाकून पाहावं. मागे सरळ ॲक्सल असलेल्या गाडीत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि स्प्रिंग कितीही उंच केले तरी तो गोळा जमिनीपासून तसूभरही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. लिफ्टने चासी आणि बॉडी उचलली जाते. सोबत गुरुत्वमध्य वर जातो, पुढच्या चाकांच्या जॉइंटचे कोन वाढतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. ठोकळा घालून किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) लावून केलेली उंची त्याहून वाईट. शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उठते आणि पाट्याचा कोन विनाकारण बिघडतो. चार फावडी आणि दोन ट्रॉली चिऱ्यांचा चुरा टाकून वाट दुरुस्त होत असेल, तर ते काम आधी करा.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. झिजलेल्या पाट्यांच्या जागी तशाच मापाचे पाटे घालणं ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची आणि घडण बदलणं म्हणजे दुखणं विकत घेणं. अपघाताच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनीही तेच पुढे करू शकते.

आता मला सगळ्यात काळजी वाटते ती गोष्ट. ती तुमच्या घाटाच्या रस्त्याशी थेट जोडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अनेक पिकअप गाड्यांच्या मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. मागच्या ॲक्सलजवळ चासीला बसवलेला छोटा धातूचा भाग, आणि त्यातून निघून ॲक्सलकडे जाणारी एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की आता वजन आहे, आणि मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असताना तो दाब कमी ठेवतो, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही पाटे वाढवलेत किंवा गाडी उचललीत. हौद्यात साडेसहाशे किलो आहेत, पण चासी पूर्वीइतकी खाली आलीच नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक अर्धवट देतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. सपाट रस्त्यावर हे जाणवणारही नाही. कोल्हापूरहून खत किंवा बाजाराचं सामान भरून अणुस्कुऱ्याची वळणं उतरताना पुढचे ब्रेक तापून मऊ पडतील तेव्हा जाणवेल. काही नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं आणि असा व्हॉल्व्ह नसतो. तुमच्या गाडीला आहे की नाही ते मेकॅनिकला खाली झोपून दाखवायला सांगा. असेल, तर पाट्यांना हात लावल्यावर त्याची दांडी पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. 'त्याची काही गरज नसते' असं उत्तर आलं, तर गॅरेज बदला.

एअर बॅगची कल्पना वाईट नाही, हे मोकळेपणाने सांगतो. वजन कधी खूप, कधी शून्य अशा गाडीसाठी ती तर्काला धरून आहे: हंगामात हवा भरायची, एरवी कमीत कमी ठेवायची. पण पाट्याचा भार चासीवर दोन टोकांना, लांब अंतरावर वाटला जातो. बॅग तोच भार मधल्या एका जागी देते. डबल कॅबिनचा हौदा आखूड असतो आणि त्याचा बराच भाग ॲक्सलच्या मागे जातो. ऑस्ट्रेलियात अशाच गाड्यांत बॅग ताठ फुगवून मागे जड वजन लावल्यावर चासी वाकल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. शिवाय रबर आहे, जांभ्याची कच त्याला लागणार. घालायचीच झाली तर डाव्या-उजव्या बॅगची नळी वेगवेगळी हवी, नाहीतर वळणावर हवा एकीतून दुसरीत पळते आणि गाडी आणखी कलते. तुमच्यासाठी मी तिला दुसरा क्रमांक देईन.

पहिला क्रमांक असा: मूळ ताकदीचा नवा पाट्यांचा सेट, हेल्परसकट. त्याबरोबर शॅकलचे आणि डोळ्यांचे सगळे बुश (सांध्यात बसणारी रबरी नळकांडी) नवे, बंप स्टॉपची रबरं नवी, चारही शॉकअप नवे. साठ हजारांच्या मर्यादेत आधी पाटे आणि बुश घ्या, मग मागचे शॉकअप, मग पुढचे. पुढच्या कॉइलना हात लावायचं काही कारण दिसत नाही. बाहेरच्या कंपनीचे पाटे घ्यायचे ठरलं, उदाहरणार्थ ओल्ड मॅन इमूसारख्या ऑस्ट्रेलियन ब्रँडचे, तर दुकानदार विचारेल, 'कायम किती किलो असतात?' तेव्हा तीस क्रेटचा आकडा सांगू नका. वर्षभर हौद्यात जे असतं तेच सांगा, म्हणजे सर्वांत हलक्या वजनाचा सेट मिळेल. शॉकअपमध्ये गॅस भरलेले ट्विन ट्यूब प्रकारचे घ्या. मोनोट्यूब उष्णता लवकर सोडतो हे खरं, पण त्याच्या नळीला दगड लागून पोचा आला की आतला पिस्टन अडतो. ट्विन ट्यूबला बाहेरची नळी असल्यामुळे तो असे घाव सोसतो, आणि तुमच्या वाटेवर दगड उडणारच. बुश रबराचेच ठेवा. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात, पण हादरा आत जास्त पाठवतात आणि ग्रीस सुटलं की करकरतात.

बसवताना तुम्ही किंवा दीर तिथे उभे राहा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घालायला सांगा, जुने एकदा ताणलेले असतात. आणि ही बाब बऱ्याच ठिकाणी चुकते: शॅकलचे आणि डोळ्यातले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसायचे नाहीत. तेव्हा नुसते धरून ठेवायचे, गाडी चाकांवर खाली उतरवायची, आणि तिचं वजन पाट्यांवर आल्यावर कसायचे. लटकत्या गाडीत कसले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी ताठ वाटते आणि बुश लवकर फाटतात. चार-पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइटचा झोतही तपासा. डॅशबोर्डवर झोत खाली घ्यायचं छोटं चाक असेल, तर भरलेल्या खेपेला ते फिरवायचं, मग समोरचे डिपर मारणार नाहीत.

भरण्याची पद्धतही बदला. क्रेट हौद्यात पुढे, कॅबिनला चिकटून लावत या आणि मागचा फळका मोकळा ठेवा. समजा सहाशे किलोंचा मध्य ॲक्सलच्या एक फूट मागे गेला. तुमच्या गाडीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर तीन मीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे पुढच्या चाकांवरून साठेक किलो उचलले जातात आणि तेवढेच मागच्या ॲक्सलवर जास्तीचे बसतात. स्टिअरिंग हलकं वाटतं, ओल्या वळणावर पुढची पकड कमी होते. तेच क्रेट फूटभर पुढे सरकवले की हे सगळं टळतं आणि फळही कमी नाचतं.

पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं तेल मारायची आपल्याकडे रीत आहे. पाट्यांच्या पोलादाला त्याने थोडा आडोसा मिळतो, पण तेच तेल रबरी बुशना फुगवून सैल करतं, ब्रेकच्या ड्रमवर गेलं तर घात, आणि उरलेलं बागेच्या मातीत उतरतं. त्याऐवजी खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, पाट्यांच्या फटीत ग्रॅफाइट ग्रीस भरा आणि बाकीला गंजरोधक रंग द्या. ऑक्टोबरात पुन्हा धुऊन एकदा पाहा.

हे सगळं काम डिसेंबर-जानेवारीत उरकून घ्या. मार्चमध्ये पाटेवाल्यांकडे रांग लागते, आणि नवे पाटे पहिल्या काही खेपांत थोडे बसतात. ते बसणं पहिल्या आंब्याआधी होऊन जाऊ दे. काट्यावरचे आणि टेपचे आकडे, आणि तो ब्रेकचा व्हॉल्व्ह आहे की नाही, एवढं कळवा. पाट्यांची ऑर्डर देण्याआधी कळवलंत तर हेल्पर किती जाडीचा घ्यावा तेही नक्की सांगेन.